मस्काऱ्याची मिशी

माथेरानच्या घोड्यापलीकडे माझी घोडेस्वारी कधी गेली नाही. तरीही पोलोविषयी मी वाचू लागलो तो एका खोट्या मिशीमुळे. १९५० च्या दशकात कॅलिफोर्नियातील स्यू सॅली नावाची तरुणी केस हेल्मेटखाली खोचून आणि मस्काऱ्याने ओठांवर मिशी रेखून ‘ए. जोन्स’ या नावाने सामने खेळू लागली, कारण अमेरिकेच्या पोलो संघटनेत स्त्रियांना सदस्यत्वच मिळत नसे. हे सोंग तिने सुमारे वीस वर्षे निभावले. १९७२ मध्ये संघटनेने अखेर तिला सदस्य करून घेतले.

वास्तविक चेंडूमागे धावण्याचे काम घोड्याचे असते, आणि खेळाडूचा कस लागतो तो घोड्यावरील मांडीत, काठीच्या अचूक फटक्यात आणि चेंडू कुठे जाणार हे आधीच ओळखण्यात. (घोड्याला घोडा भिडवून प्रतिस्पर्ध्याला रेटताना अंगबळ कामी येते, हे मान्य.) प्रत्येक खेळाडूला उणे २ पासून १० पर्यंत ‘गोल’ या मापाने श्रेणी दिली जाते आणि संघातील चौघांच्या श्रेणींची बेरीज स्पर्धेच्या मर्यादेत बसवावी लागते. साहजिकच संघावर पैसा ओतणारा धनिक श्रेणीच्या आकड्यापेक्षा सरस खेळणाऱ्या खेळाडूच्या शोधात असतो, मग तो पुरुष असो वा स्त्री. व्यावसायिक पोलोचे दार स्त्रियांसाठी किलकिले झाले, त्यात उदारपणापेक्षा या रोकड्या हिशेबाचा वाटा मोठा असावा, असे मला वाटते.

स्यू सॅलीची मुलगी सनी हेल हिने २००० मध्ये आउटबॅक संघाकडून, अडोल्फो काम्बियासोसारख्या दिग्गजाच्या जोडीने, अमेरिकेची ओपन स्पर्धा जिंकली. ती जिंकणारी ती पहिली स्त्री होय. तिची श्रेणी पाच गोलांपर्यंत गेली. इंग्लंडच्या क्लेअर टॉमलिन्सन यांनीही तेवढीच मजल मारली होती.

आता स्त्रियांच्या सामन्यांसाठी निराळी श्रेणी आहे, आणि २०१७ पासून त्यांची स्वतंत्र अर्जेंटाइन ओपनही होते. आपल्याकडे इंफाळलाही स्त्रियांचे सामने रंगतात. अशा स्पर्धांमुळे मुलींना घोडे, सराव आणि मानधन मिळते, म्हणून त्या हव्यातच. तरी माझे मन ओढ घेते ते मिश्र मैदानाकडे. स्त्रियांच्या श्रेणीत पूर्ण दहा गोल मिळवणाऱ्या नीना क्लार्किनने २००३ मध्ये ब्रिटनचा गोल्ड कप जिंकला, तो पुरुषांच्या बरोबरीने खेळून आणि मिशी न लावता.