बास फाटतोय म्हणून वूफर बदलायला निघालो होतो

८ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा स्पीकर), ४० लिटरचा डबा, साडेसात सेंमी व्यासाचा पोर्ट (डब्यातली हवा आतबाहेर करणारी नळी). सगळं घरीच केलेलं, हळू आवाजात मस्त वाजायचं, पण जरा व्हॉल्यूम चढवला की खालचे सूर घोगरे व्हायचे, बासचा सूर कुठला ते कळायचंच नाही, नुसती घरघर. कानावर किती विश्वास ठेवणार म्हणून माईक घेतला, आरईडब्ल्यू हे आवाज मोजायचं सॉफ्टवेअर टाकलं (फुकट आहे) आणि माईक कोनला, म्हणजे वूफरच्या हलणाऱ्या पडद्याला, जवळजवळ चिकटवून स्वीप (खालपासून वर सरकत जाणारा सूर) मारला, म्हणजे खोलीचा घोळ मध्ये येत नाही.

पहिला स्वीप बादच, इतक्या जवळून माईकचा इनपुटच क्लिप होत होता, म्हणजे त्याला तेवढा आवाज झेपत नव्हता. गेन कमी करून परत मारला तर ४२ हर्ट्झला डिस्टॉर्शनचा (मूळ सुरात नसलेल्या भरीचा) सुळका, १८ टक्के! म्हटलं वूफर गेला.

तरी ४२ चा टोन लावून कोनला हलकंच बोट लावून बघितलं, तर कोन जवळपास हलतच नव्हता. हलत नाही आणि फाटतोय? मग ट्यूब पेटली, ४२ म्हणजे माझ्या पोर्टचं ट्यूनिंग (ज्या सुराला पोर्टमधली हवा सगळ्यात जोरात डोलते तो), तिथे आवाज पोर्ट काढतो आणि कोन जवळपास स्वस्थ असतो, म्हणजे कोनसमोर मूळ सूरच बारीक आणि टक्केवारी काढतात ती त्याच सुराच्या तुलनेत, मग फुगणारच. म्हणजे ग्राफमध्ये सगळ्यात वाईट दिसणारी जागा हीच कोनची सगळ्यात आरामाची. मग २८ लावला आणि कोन असा उड्या मारायला लागला की घाबरून बंद केला. ट्यूनिंगच्या खाली डब्यातली हवा कोनला आवरत नाही, आणि मी शहाण्याने तिथेच ईक्यूत (ठरावीक सूर कमीजास्त करायची सोय) ६ डीबी बूस्ट दिलेला, म्हणजे कोनची हालचाल दुप्पट आणि ॲम्पला चौपट पॉवर. फाटत होतं ते हे!

मग बूस्ट काढला, ३० हर्ट्झला हाय-पास (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) लावला आणि पोर्टची लांबी १३ ची २३ सेंमी केली, ट्यूनिंग ३४ च्या आसपास आलं. या वेळी स्पीकर बाहेर मोकळ्यावर नेला, माईक १ मीटरवर जमिनीवर आडवा. त्याच आवाजाला ३५ हर्ट्झवर आधी ११ टक्के होतं ते ३ वर आलं. ऐकायलाही फरक पडला, आता सूर वेगवेगळे कळतात.

एक दुखणं राहिलंय, जोरात वाजवलं की पोर्ट फुसफुसतो. १० सेंमीचा पोर्ट घ्यावा तर त्याच ट्यूनिंगला लांबी ४३ सेंमीच्या आसपास जाते, डब्यात मावणार कुठे? म्हणून सध्या पोर्टची तोंडं घासून गोल केलीत आणि नॉब फुसफुशीच्या जरा अलीकडे ठेवतो.