भाल्याचं विचारता म्हणून

घरी येणारा प्रत्येक जण भिंतीवरचा पाच दातांचा भाला बघतो आणि चहा येण्याआधी विचारतो, "भाल्यानं मासे मारणं कायदेशीर आहे का हो?" तुम्हीही विचारलंत. एकदाच लिहून टाकतो.

१८९७ च्या मत्स्य कायद्यात सुरुंग आणि विषाला बंदी आहे, भाल्याचं नावही नाही. तेवढ्यावर मी इंदूरभर वाद घातलेत. आपल्या मध्य प्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद, हेही पाठ होतं. आणि त्यातली सवलत तर जास्तच पाठ: नदीशी संबंध नसलेला, सरकारनं 'निर्दिष्ट जल' म्हणून जाहीर न केलेला छोटा तलाव चालतो.

असा एक तलाव इंदूरजवळ चोरलच्या बाजूला होता. ज्यांच्याकडे त्याचा पट्टा, म्हणजे मासेमारीचा ठेका होता, ते काका ओळखीचे. त्यांची ना नव्हती. जुलै महिना, रात्रभर पाऊस झालेला. गुडघाभर पाण्यात, बुडालेल्या गवतात एक पढीन मासा हलला. मी मारला. दात पाठीतून शिरून पोटाकडून निघाले आणि त्यांच्याबरोबर मोहरीएवढी पिवळसर अंडी. गळाला लागलेला मासा सोडता तरी येतो. हा सोडून काय करणार?

तरी मी म्हणालोच, "तलाव आहे, नदी थोडीच आहे!" काका काही बोलले नाहीत. चिखलात माझी एक चप्पल सुटली होती. ती तरंगत सांडव्याशी गेली, एक गिरकी घेऊन नाल्यात उतरली आणि दिसेनाशी झाली. तेव्हा काका म्हणाले, "लो भिया, आपकी चप्पल तो नरबदाजी चली."

उन्हाळ्यात त्या तलावाचा नदीशी संबंध नसतो, खरंच नसतो. पण उन्हाळ्यात बंदीही नसते.

मग गुन्हा झाला का? एक वर्षापर्यंत कैद, ५००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलेलं आहे. मला कोणी पकडलं नाही. तेव्हाचा मी अजून भांडतो: जाळ्यात सगळंच येतं, भालेवाला निदान एकच मासा निवडतो. बरोबर आहे. पण त्या गढूळ पाण्यात मी नर-मादी काय निवडली होती?

आणि हेही सांगतो, मासा घरी आणला. आईनं गाबोळी वेगळी तळली. मी खाल्ली, चांगली लागली.

भाला तेव्हापासून भिंतीवर आहे. मेमध्ये उतरवून दातांना तेल लावतो, गंज चढू नये म्हणून. ते कशासाठी, हे मात्र अजून कोणी विचारलेलं नाही.