‘आभारप्रदर्शनासह’

मंगळवार, सकाळी ६.१०

दोन आठवडे प्रार्थना नीट झालीच नव्हती. म्हणजे बसत होते रोज, पाच वाजता उठून, किचनमधल्या छोट्या टेबलावर, बायबल समोर, "हे स्वर्गीय पित्या" एवढं म्हणायचं आणि पुढचं वाक्य तोंडात येईपर्यंत मी होम लोनच्या हप्त्याच्या हिशोबात पोचलेली असायचे. ह्यांच्या कंपनीत माणसं कमी करणार आहेत. कोणाला मेल येणार काहीच माहीत नाही, त्यांच्या ग्रुपवर रोज रात्री नवीन काहीतरी येतं आणि हे ते वाचून न बोलता झोपतात. मी मोबाईल पालथा ठेवून बसते तरी हात जातोच. काल तर एका प्रार्थनेत चार वेळा उचलला, आणि मग अपराधी वाटायला लागलं की देवासमोर बसून आपण हे काय करतोय.

रविवारी चर्चच्या भक्तीत पाळकसाहेबांनी बायबलमधल्या फिलिप्पैकरांस पत्राचा, म्हणजे प्रेषित पौलाने फिलिप्पै गावच्या विश्वासणाऱ्यांना लिहिलेल्या पत्राचा, चौथा अध्याय घेतला. कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका, हे वचन मला संडेस्कूलपासून पाठ आहे, इतकं पाठ की कानावरून नुसतं जातं. पण ते एका शब्दावर थांबले, ‘राखील’. देवाची शांती तुमची अंतःकरणे आणि तुमचे विचार राखील. म्हणाले, मूळ ग्रीक शब्द सैनिकांच्या पहाऱ्याचा आहे, आणि फिलिप्पै ही निवृत्त रोमी सैनिकांची वसाहत, तिथल्या लोकांना पहारा म्हणजे काय ते सांगावं लागलं नसेल. आणि लिहिणारा पौल स्वतः कैदेत. माझ्या अंगावर काटा आला. कारण तिथे नुसतं अंतःकरण नाही म्हटलेलं, विचारसुद्धा म्हटलंय! माझे हे सैरावैरा पळणारे विचार त्याला माहीत आहेत.

घरी येऊन परत वाचलं तर लक्षात आलं की मी त्या वचनातला एक शब्द इतकी वर्षं गाळत आलेय. प्रार्थना करते, विनंती तर खूपच करते. पण त्यांच्या जोडीला ‘आभारप्रदर्शनासह’ आहे, म्हणजे आभार मानत मागायचं.

आजीची आठवण झाली. आजी केडगावच्या मुक्ति मिशनमध्ये, मुली-बायकांच्या आश्रमात वाढली, तो सुरू करणाऱ्या पंडिता रमाबाई जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती पण जुन्या बायका सगळं सांगायच्या. रमाबाईंची एकुलती एक मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली, स्वतःची तब्येत खालावलेली, ऐकू येईनासं झालेलं, तरी मराठी बायबलच्या भाषांतराचं काम त्यांनी सोडलं नाही, पुरं केलं आणि मग १९२२ च्या एप्रिलमध्ये गेल्या. छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायला मिशनमधल्याच मुली. आजी हे सांगताना बोटांनी एकेक खिळा उचलून लावल्यासारखं करून दाखवायची. आणि म्हणायची, प्रार्थनेत मन पळालं तर त्याला ओढून आणू नको गं बाळ, ते जिथं गेलंय तिथंच प्रभूला बोलव.

तर आज मी तेच केलं. मोबाईल ह्यांच्या उशाशी ठेवून आले आणि मुलीची एक जुनी वही घेतली. मन पहिल्यांदा गेलं हप्त्याकडे, बरोबर, लिहिलं ‘हप्ता’. प्रभू, हा हप्ता तुझ्या हातात. मग आभार कशाचे मानायचे? काही सुचेना. उठून फाईल काढली, बँकेचं स्टेटमेंट बघितलं आणि मोजायला लागले. ७४ हप्ते गेलेत. एकही चुकलेला नाही. त्यातले किती तरी कोविडमधले, ह्यांना अर्धा पगार मिळत होता तेव्हाचे, मला आठवतंय मी तेव्हाही ह्याच टेबलावर असंच रडत होते, आणि तेव्हाचे ते सगळे हप्ते इथे ओळीने उभे आहेत. मी प्रत्येकावर बोट ठेवत गेले, थँक्यू प्रभू, थँक्यू प्रभू, आणि कधी रडायला लागले कळलंच नाही. ह्यावेळचं रडणं वेगळं होतं.

मग बाकीचंही लिहिलं, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, मुलीची फी, ह्यांचं न बोलणं. मन पळत होतंच, पण जिथं जाईल तिथून एक ओळ घेऊन येत होतं.

मेल अजून आलेला नाही. येईल किंवा येणार नाही, मला माहीत नाही, आणि पोटात गोळा अजून थोडा आहेच.

सहाला हे उठून आले, माझे डोळे बघून घाबरले, काय झालं म्हणाले. मी काही न बोलता स्टेटमेंट पुढे केलं आणि ७४ हा आकडा दाखवला. बराच वेळ बघत राहिले. मग खुर्ची ओढून शेजारी बसले, माझा हात धरला आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने म्हणाले, "प्रभू येशू..." पुढे शब्द आले नाहीत त्यांना. आमेन मी म्हटलं.