सगळ्या मुली पंचविसाजवळ

एम. ए. मानसशास्त्राच्या शेवटच्या सत्रातली एक विद्यार्थिनी लघुप्रबंधाचे निष्कर्ष घेऊन आली. रोझेनबर्ग यांची १९६५ सालची आत्मसन्मान श्रेणी तिने महाविद्यालयीन मुलींकडून भरून घेतली होती: दहा विधाने, प्रत्येकाला १ (पूर्ण असहमत) ते ४ (पूर्ण सहमत) गुण, म्हणजे एकूण १० ते ४०. “मॅडम, मध्यमान २५ च्या जवळ आलंय आणि प्रमाण विचलन अगदी लहान आहे. सगळ्यांचा आत्मसन्मान मध्यम आहे, असं लिहू ना?”

प्रमाण विचलन लहान, म्हणजे सगळ्यांचे गुण जवळजवळ सारखेच. माणसे एकमेकांसारखी इतकी नसतात, म्हणून मी क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे श्रेणीतली विधाने एकमेकांशी कितपत जुळतात हे सांगणारा अंक, पाहिला. तो चक्क ऋण होता. विधानांचे परस्परसंबंध एकत्रितपणे उलट दिशेला जात असले, तरच असे होते.

मी तिला मूळ उत्तरपत्रिका काढायला सांगितल्या. या श्रेणीतली पाच विधाने स्वतःविषयी चांगले बोलतात आणि पाच वाईट. त्या वाईट पाचांचे गुण ५ मधून वजा करून उलटवावे लागतात, आणि नेमके तेच राहून गेले होते. चांगल्या विधानांशी पूर्ण सहमत आणि वाईटांशी पूर्ण असहमत असलेल्या मुलीला २० आणि ५ असे २५ गुण पडले होते. आणि स्वतःला कवडीमोल समजणाऱ्या मुलीलाही ५ आणि २० मिळून २५च! खरे गुण होते अनुक्रमे ४० आणि १०. संगणकाची बेरीज कुठेही चुकली नव्हती, पण त्या बेरजेत आत्मसन्मान उरलाच नव्हता. यादीत ४० गुणांवर होती ती न वाचता सगळीकडे ‘पूर्ण सहमत’ची खूण केलेली उत्तरपत्रिका.

गुणांकनाची किल्ली मी तिला दिली होती, परंतु ती वापरली का, हे विचारले नव्हते. ती चूक माझी होती.

संध्याकाळपर्यंत आम्ही दोघींनी गुण उलटवले. अल्फा धन झाला, गुण पसरले, आणि एका उत्तरपत्रिकेवर बेरीज ११ निघाली. सकाळपर्यंत हीच मुलगी ‘मध्यम’ गटात होती. विद्यार्थिनी बराच वेळ त्या कागदाकडे पाहत राहिली आणि मग म्हणाली, “मॅडम, उत्तरपत्रिकांवर नावं घेतली नाहीत आपण. हिच्यापर्यंत कसं पोहोचायचं?” गोपनीयतेसाठी नावे न घेण्याचा आग्रह माझाच होता. शेवटी, ज्या वर्गांतून उत्तरपत्रिका भरून घेतल्या होत्या, त्या प्रत्येक वर्गात समुपदेशन कक्षाची वेळ सांगून यायचे आम्ही ठरवले.