दीड एकर गवत मेंढपाळाला देताना: माझा अनुभव

कळमेश्वर तालुक्यात, काटोल रस्त्यापासून थोडी आत, माझ्या सासऱ्यांपासून चालत आलेली दीड एकर बरड जमीन आहे. मातीचा थर उथळ आणि खाली मुरूम असल्यामुळे कपाशी किंवा संत्रा तिथे नीट येत नाही, आणि नागपुरात राहून मजुरांकरवी तूर पेरून घेण्याची उमेद यजमानांच्या पश्चात माझ्यात उरलेली नाही. ई-पीक पाहणीत त्या जमिनीची नोंद मी गवतपड अशीच करते. पूर्वी दिवाळीच्या सुमारास कोणीतरी गवत कापून नेई आणि ठरेल ती रक्कम देई, एवढाच तिचा व्यवहार होता.

मागच्या उन्हाळ्यात गावातील एक तरुण मेंढपाळ वडिलांना घेऊन घरी आला. वडील अजूनही कळप घेऊन गावोगाव फिरतात. मुलाला मात्र वाटणीला आलेल्या वीसेक मेंढ्या एका ठिकाणी राहून पाळायच्या होत्या आणि त्यासाठी पावसाळ्यातील चराई हक्काची हवी होती. विदर्भात मेंढपाळाची खरी अडचण पावसाळ्यातच होते, कारण शेते पेरलेली असतात, धुऱ्यांवर, म्हणजे बांधांवर, कोणी जनावर येऊ देत नाही आणि जंगलात चराईला बंदी असते. “काकू, दिवाळीनंतर मला लोक बोलावून नेतात, आधीचे चार महिने कोणी उभे करत नाही,” असे तो म्हणाला. त्यात अतिशयोक्ती नव्हती.

माझी इच्छा होती, पण नातेवाइकांपैकी प्रत्येकाने कुळ लागण्याची, म्हणजे जमीन वापरणाऱ्याचा तिच्यावर कायद्याने हक्क तयार होण्याची, भीती घातली. ती भीती निराधार नाही. आपल्याकडे शेतजमिनीच्या कुळवहिवाटीला 1958 चा विदर्भ प्रदेशाचा स्वतंत्र कायदा लागू आहे आणि त्यातील शेतीच्या व्याख्येत गवत वाढवणेही येते, त्यामुळे ‘पीक घेत नाही, नुसते गवत आहे’ एवढ्या बोलण्याने जमीनमालकाची सुटका होत नाही. मी ज्या वकिलांकडे गेले त्यांनी सांगितलेला मार्ग मला पटला, तो असा की जमीन द्यायचीच नाही, तिच्यावरचे एका हंगामाचे गवत विकायचे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, 1882 नुसार उभे गवत स्थावर मालमत्तेत मोडत नाही आणि नोंदणी अधिनियम, 1908 तर त्याला स्पष्टपणे जंगम म्हणतो. मात्र कागदावर ‘गवत विक्री’ लिहून प्रत्यक्षात फाटकाची किल्ली कायमची त्याच्या हाती दिली, तर त्या शब्दाला फारसा अर्थ राहत नाही, हेही त्यांनी बजावले. म्हणून ताबा माझ्याकडे राहील, विहीर आणि फाटक माझ्या देखरेखीत राहील, मला केव्हाही आत येता येईल, तो तिथे नांगरणी, पेरणी किंवा बांधकाम करणार नाही आणि 15 जुलै ते 15 नोव्हेंबर या काळानंतर जमीन मोकळी होईल, अशी कलमे घातली. 500 रुपयांच्या मुद्रांकावर करार केला, दोन साक्षीदार घेतले आणि नोटरी करून घेतली. सातबाऱ्याच्या इतर अधिकारात कोणतीही नोंद व्हायची नाही, हे त्याच्या वडिलांच्या समक्ष बोलून घेतले. त्यांना त्याचे काही वाटले नाही. उलट आयुष्यभर केवळ शब्दावर चराई करणाऱ्या त्या गृहस्थांना लेखी कागदाचेच अप्रूप वाटले.

हा मसुदा घरी येऊन पुन्हा वाचला, तेव्हा तो सगळा माझ्याच बाजूचा आहे असे लक्षात आले. मुलाने जाळी आणि खांब यांवर पैसे घालायचे आणि मी ऑगस्टमध्ये मन बदलले तर त्याने कुठे जायचे, याचे उत्तर त्यात नव्हते. वकिलांना हे अनावश्यक वाटले, तरी हंगाम संपेपर्यंत मी करार मोडणार नाही, मोडावा लागला तर उरलेल्या दिवसांचे पैसे परत करीन आणि त्याची जाळी, खांब व पाण्याचे टाके ही त्याचीच मालमत्ता राहील, अशी भर मी आग्रहाने घालून घेतली.

दर ठरवण्याआधी मेंढ्या किती, हे ठरवणे भाग होते, आणि सर्वांत जास्त वेळ याच बोलणीत गेला. त्याचे म्हणणे वीस. तीस किलो वजनाची मेंढी दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा खाते, म्हणजे ओल्या गवताच्या हिशेबात चार किलो. वीस मेंढ्यांना रोज ऐंशी किलो ओले गवत लागले असते. बरड जमीन पावसाचा खंड पडला की लगेच पिवळी पडते, आणि मेंढी गाईपेक्षा फार खालून, अगदी मुळाशी कुरतडते, त्यामुळे एकदा उघडी पडलेली जागा त्या हंगामात पुन्हा भरत नाही. शेवटी पंधरा मोठ्या मेंढ्या आणि त्यांची पिणारी कोकरे, असे ठरले. कानातील बिल्ल्यांचे बारा अंकी क्रमांक कराराला जोडले, कारण वडिलांचा मोठा कळप गावाजवळ मुक्कामाला आला की ‘दोन दिवसांपुरते’ आणखी चाळीस डोकी आत शिरणे अशक्य नव्हते.

साठ गुंठ्यांचे दहा-दहा गुंठ्यांचे सहा भाग करण्याची कल्पना मात्र पशुवैद्यकीय दवाखान्यातील डॉक्टरांची. लेंडीतून पडलेल्या जंतांच्या अंड्यांतून पावसाळी उबेत आठवड्याच्या आत अळ्या तयार होतात आणि गवताच्या पात्यावर चढून पुन्हा मेंढीच्या पोटात जातात. म्हणून एका भागात पाच दिवसांपेक्षा जास्त थांबायचे नाही आणि बाकीचे पाचही भाग फिरून झाल्याशिवाय तिथे परतायचे नाही. त्याने नायलॉनची हलवता येणारी जाळी आणली. काटेरी तार लोकरीत अडकते म्हणून तिचा विचार आम्ही सोडूनच दिला होता. पावसाळ्यापूर्वी आंत्रविषार आणि पीपीआर या रोगांच्या लसी झाल्याचे आणि जंतनाशक दिल्याचे दाखवल्याशिवाय मेंढ्या आत येणार नाहीत, ही अट त्याने स्वतःच सुचवली.

माझ्याकडील कामे वेगळी होती. नाल्याच्या काठाने वाढलेली बेशरम आणि कुंपणात शिरलेली घाणेरी उपटून काढणे ही माझी जबाबदारी ठरली, कारण दोन्ही झुडपे मेंढ्यांना विषारी आहेत आणि गवत कमी झाले की उपाशी जनावर तिकडे वळते. पूर्वेच्या धुऱ्यापलीकडे शेजाऱ्याची कपाशी आहे. तिच्यावर फवारणी झाली की वाऱ्याने औषध इकडे येते, म्हणून त्या बाजूची पट्टी फवारणीनंतर काही दिवस मोकळी ठेवायची आणि फवारणीचा निरोप शेजाऱ्याने आदल्या दिवशी द्यायचा, असे मी त्यांच्याकडे जाऊन ठरवले. त्यांना चिंता होती ती संत्र्याच्या नव्या कलमांची. मेंढी आत शिरल्यास भरपाई कोण देणार, हे त्यांनी विचारले आणि ते मेंढपाळाच्या नावे करारात लिहिले गेले.

दराबाबत घासाघीस फारशी झाली नाही. गवत कापून नेणारे जेवढे देत, त्याच्या दीडपट रक्कम दोन हप्त्यांत घ्यायचे ठरले, आणि पाऊस थांबल्यावर ऑक्टोबरपासून मेंढ्या रात्रीही तिथेच बसवल्या तर दुसऱ्या हप्त्यात सूट. शेतकरी एरवी मेंढ्या बसवण्यासाठी मेंढपाळाला धान्य किंवा पैसे देतात. तेव्हा लेंडीखत फुकट घेण्याचा मला अधिकार नव्हता. भर पावसात मात्र रात्री मेंढ्या ओल्यात ठेवल्या तर खुरे सडतात, त्यामुळे त्या महिन्यांत तो त्यांना संध्याकाळी गावातील माचाण केलेल्या गोठ्यात नेई.

हंगामात वाद झाला तो एकदाच, कुसळीवरून. वरच्या कोपऱ्यात कुसळी गवत दाट आहे. त्याची टोकदार कुसळे पक्व झाली की लोकरीतून थेट कातडीत घुसतात. सप्टेंबरात तुरे येण्याआधी ते कापायचे असे बोलणे झाले होते, पण मजुरी कोणी द्यायची हे लिहिलेले नव्हते. ‘गवत त्याचे, म्हणून कापणीही त्याची’ हे माझे म्हणणे, तर ‘न चरता येणारे गवत मी विकतच घेतलेले नाही’ हे त्याचे. त्याचा युक्तिवाद माझ्या वकिलांपेक्षा सरस होता, हे मान्य करून निम्मी मजुरी मी दिली.

15 नोव्हेंबरला त्याने जाळी गुंडाळली आणि जमीन मोकळी झाल्याची पावती आम्ही एकमेकांना सह्यांनिशी दिली. यंदाचा करार नव्याने, स्वतंत्र मुद्रांकावर केला आहे. त्यात कुसळीच्या कापणीचा खर्च निम्मा-निम्मा लिहिला आहे, ऑगस्टच्या मध्यापर्यंत बाराच मेंढ्या आणि पाऊसमान पाहून पुढे पंधरा असे ठरवले आहे. शेजाऱ्यांनी कपाशी निघाल्यावर मेंढ्या आपल्या शेतात बसवण्याबद्दल त्याला परस्पर विचारले आहे. तो व्यवहार त्यांचा त्यांनी ठरवायचा आहे.