रिजेक्ट झालेल्या एक्स-रेंचं ऑडिट

ऑडिट म्हटलं की विभागात आधी फायली शोधायची धावपळ सुरू होते. रेडिओलॉजीत पहिलं ऑडिट करायचं असेल तर रिजेक्ट ॲनालिसिस घ्या, म्हणजे बिघडले म्हणून टाकून दिलेल्या फोटोंचा हिशोब. डेटा मशीनमध्येच पडून असतो, खर्च नाही, आणि प्रत्येक रिजेक्ट म्हणजे पेशंटला फुकट मिळालेलं रेडिएशन.

मोजण्याआधी मापदंड ठरवा; नुसत्या मोजणीला ऑडिट म्हणत नाहीत. एएपीएम या अमेरिकन संघटनेच्या टास्क ग्रुप १५१ ने २०१५ साली प्रौढांसाठी रिजेक्टचा दर ८ टक्के हे लक्ष्य सुचवलं, १० च्या वर गेलं तर चौकशी. फक्त मुलांच्या विभागासाठी हेच आकडे ५ आणि ७.

आता आकडे कुठून काढायचे? पॅक्समधून (फोटो साठवण्याच्या आणि पाहण्याच्या सिस्टिममधून) नाही. रिजेक्ट केलेली इमेज पॅक्सला जातच नाही, कन्सोलवरच (एक्स-रे मशीनच्या कॉम्प्युटरवर) राहते, आणि डिस्क भरली की जुनी आपोआप पुसली जाऊ शकते. म्हणून लॉग दर आठवड्याला काढून ठेवा. दर काढताना छेदात पेशंट नकोत, एक्स्पोजर (काढलेले शॉट) हवीत, म्हणजे स्वीकारलेली अधिक रिजेक्ट. गुडघ्याचा एपी (समोरून) आणि लॅटरल (बाजूने) काढला तर पेशंट एक, एक्स्पोजर दोन. फँटमचे (पेशंटऐवजी ठेवलेल्या चाचणीच्या वस्तूचे) आणि टेस्टचे शॉट अंशातूनही काढा, छेदातूनही. समजा महिन्याला २,४०० एक्स्पोजर झाली, त्यात २१६ रिजेक्ट. दर ९ टक्के. पण हा एकच आकडा फारसं काही सांगत नाही. व्ह्यूनुसार फोडला की खरं चित्र दिसतं.

बहुतेक ठिकाणी गुडघ्याचा लॅटरल वरच्या नंबरात सापडेल. फिमरचे (मांडीच्या हाडाचे) दोन्ही कॉन्डाइल, म्हणजे गुडघ्याकडचे गोलसर उंचवटे, एकावर एक बसत नाहीत. फरक वर-खाली असेल तर ट्यूबचा कोन चुकला (डोक्याच्या दिशेने ५ ते ७ अंश लागतो), पुढे-मागे असेल तर पाय फिरलाय. कुठला कॉन्डाइल आतला, हे आतल्या कॉन्डाइलवरच्या ॲडक्टर ट्युबर्कल या छोट्या उंचवट्यावरून ओळखायचं. ते न ओळखता अंदाजाने पाय फिरवला की दुसरा शॉटही वाया जातो आणि तिसरा घ्यावा लागतो. एका पेशंटचे लागोपाठ तीन लॅटरल लॉगमध्ये दिसले तर समजा, हेच झालंय. त्यावर उपाय म्हणून दोन्ही चुकांचे नमुना फोटो कन्सोलशेजारी चिकटवा. व्याख्यानापेक्षा ते जास्त कामाला येतात.

छातीच्या फोटोत फुफ्फुसांचे खालचे कोपरे कापले जाणं आणि अंगावरच्या वस्तू ही नेहमीची कारणं. मंगळसूत्र, ताईत, ब्लाउजचे हूक दिसतात तरी, वेणी फसवते. खांद्यावरून पुढे आलेली वेणी फुफ्फुसाच्या टोकावर डागासारखी उमटते आणि टीबीची शंका घेतली जाते. केस वर बांधायला सांगणं हा प्रोटोकॉलचाच भाग करा.

कारणांच्या यादीत ‘इतर’ असतंच, आणि घाईत सगळे तेच दाबतात. म्हणून पन्नास रिजेक्ट काढून एक सिनियर टेक्निशियन आणि एक रेडिओलॉजिस्ट यांना स्वतंत्रपणे कारण द्यायला सांगा. दोघांचं जुळत नसेल तर यादीच नीट नाही.

दर दोन टक्के आला तर लगेच पेढे वाटू नका. पॅक्समधून छातीचे तीस फोटो कुठलेही उचलून पाहा. न चालणारे फोटो ‘चालतंय’ म्हणून पुढे गेलेले असू शकतात. टेक्निशियनच्या नावानिशी तक्ता भिंतीवर लावला तर हे हमखास होतं. तक्ता रूमनुसार लावा, वैयक्तिक आकडे ज्याचे त्याला द्या.

जास्त एक्स्पोजर, म्हणजे गरजेपेक्षा जास्त रेडिएशन, मात्र या ऑडिटमध्ये सापडत नाही. डिजिटलमध्ये तसा फोटो उलट स्वच्छ दिसतो, मग रिजेक्ट कोण करणार? त्यासाठी डेव्हिएशन इंडेक्स पाहा, म्हणजे एक्स्पोजर ठरवलेल्या टार्गेटपासून किती दूर गेलं ते सांगणारा आकडा: ० म्हणजे बरोबर, +३ म्हणजे जवळपास दुप्पट, -३ म्हणजे निम्मं. अर्थात मशीनमध्ये व्ह्यूनुसार टार्गेट भरलेलं असेल तरच. ते चुकीचं असेल तर इंडेक्सही तसाच येणार.

बदल केल्यावर तीन महिन्यांनी पुन्हा मोजा, कारणांची यादी तीच ठेवून. मधल्या काळात विद्यार्थ्यांची नवी बॅच आली असेल तर ती तारीख तक्त्याच्या समासात लिहा. आकडा का उसळला, हे नंतर कुणाला आठवत नाही.