मासे सगळ्यात शेवटी : आमची वाटचाल

आमच्याकडून परसदारी ॲक्वापोनिक्सचा, म्हणजे माशांच्या टाकीतल्या पाण्यावर भाजी वाढवायचा, संच नेणाऱ्याला पहिल्या खेपेत टाकी, वाफा, पंप, नळ्या, खडी आणि पाणी तपासायची पेटी मिळते. मासे मिळत नाहीत. यावरून गिऱ्हाइकांशी जितके वाद झाले, तितके पैशांवरूनही झालेले नाहीत. पण धंदा टिकला तो याच अटीमुळे, तेव्हा वाटचाल सांगायची तर सगळं वळण तिथेच येतं.

धाकटा भाऊ नळजोडणीची कामं करायचा आणि मला मत्स्यालयांचा नाद. त्याच्या एका गिऱ्हाइकाला माशांच्या टाकीतलं पाणी भाजीच्या वाफ्यातून फिरवून परत टाकीत आणायचं होतं. भावाने नळ्या जोडल्या आणि पाण्याचं काय ते बघायला मला ओढलं. तो संच पाहून शेजाऱ्यांनी विचारलं, मग त्यांच्या ओळखीच्यांनी, आणि हळूहळू नळजोडणी मागे पडून हाच आमचा धंदा झाला.

कल्पना अर्थातच आमची नव्हे. अमेरिकेत न्यू अल्केमी इन्स्टिट्यूटच्या मंडळींनी १९७० च्या दशकात हरितगृहात मासे आणि भाजी एकत्र वाढवून पाहिली होती. १९८० च्या दशकात मार्क मॅकमर्ट्री यांनी नॉर्थ कॅरोलिना स्टेट विद्यापीठात टाकीचं पाणी वाळूच्या वाफ्यांतून फिरवलं, आणि जेम्स रॅकोसी यांनी व्हर्जिन आयलंड्स विद्यापीठात तरंगत्या तराफ्यांची पद्धत बसवली. आम्ही त्यातला परसदाराला झेपेल असा भाग उचलला : एक टाकी, तिच्यावर खडीचा वाफा, एक पंप.

सुरुवातीचे संच लोखंडी पिंजऱ्यातल्या हजार लिटरच्या चौकोनी प्लॅस्टिक टाक्यांचे होते. वरचा भाग कापून उलटा ठेवला की वाफा तयार. ही टाकी स्वस्त पडते, पण तिच्यात आधी काय भरलेलं होतं हे कळल्याशिवाय ती आम्ही दारात उतरवून घेत नाही. भावाने एक नियम पहिल्यापासून कडक ठेवला : पाण्याच्या वाटेत तांबं नको आणि जस्ताचा मुलामा दिलेलं लोखंडही नको. घरगुती नळजोडणीत चालणाऱ्या या गोष्टी माशांना विषारी ठरतात. वजनाचाही अंदाज लोकांना नसतो. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन, त्यावर ३० सेंटिमीटर खोल खडी. मऊ जमिनीवर मांडलेला संच एका अंगाला कलतो आणि मग सायफन, म्हणजे वाफ्यातलं पाणी आपोआप खाली टाकीत ओढणारी नळी, चालत नाही.

सायफनने आम्हाला बरंच शिकवलं. वाफ्यात पाणी ठरावीक उंचीला पोचलं की तो लागावा, वाफा भराभर रिकामा व्हावा, मुळांना हवा मिळावी आणि मग सायफन आपोआप तुटावा, एवढंच त्याचं काम. पण पंपाचा प्रवाह कमी असेल तर पाणी उभ्या नळीच्या कडेवरून नुसतं झिरपत राहतं, सायफन लागतच नाही. प्रवाह जास्त असेल तर लागतो, पण तुटत नाही. पहिल्यात वाफा भरलेलाच राहतो, दुसऱ्यात जवळजवळ रिकामाच, आणि घरचा माणूस पंपाला शिव्या घालतो. आता आम्ही पंपाच्या नळीवरच एक फाटा काढून त्याला चावी बसवतो आणि जादा पाणी त्यातून परत टाकीत सोडतो. त्या पडत्या पाण्याने टाकीत हवाही मिसळते.

खडी निवडणं सोपं. मूठभर खडीवर व्हिनेगर ओतायचं. फेस आला तर तिच्यात चुनखडी आहे, ती पाण्याचा पीएच, म्हणजे आम्ल-अल्कपणाचा आकडा, वर ढकलत राहणार. ती नाकारायची.

आता माशांचं. संच बसला, पाणी फिरू लागलं की गिऱ्हाइकाला त्याच दिवशी बोटुकली, म्हणजे बोटाएवढी माशांची पिल्लं, सोडायची असते. ‘दादा, पाणी तर नितळ आहे,’ हे वाक्य आम्ही रोज ऐकतो. नितळ पाण्यात काय आहे ते डोळ्यांना दिसत नाही. मासे मुख्यतः कल्ल्यांतून अमोनिया टाकतात. नायट्रोसोमोनास जातीचे जिवाणू त्याचं नायट्राइट करतात आणि नायट्रोस्पायरासारखे दुसरे जिवाणू त्या नायट्राइटचं नायट्रेट. झाडं मुख्यतः हे नायट्रेट उचलतात. दुसऱ्या फळीचं अन्न पहिली फळी तयार करते, त्यामुळे ती मागाहून वाढते, आणि मधल्या काळात नायट्राइट साचत जातं. त्याने माशाचं रक्त तपकिरी पडतं. पाण्यात हवा भरपूर असूनही मासा पृष्ठभागावर येऊन तोंड उघडझाप करतो. घरच्यांना वाटतं तो भुकेला आहे, ते खाद्य टाकतात, अमोनिया आणखी वाढतो.

म्हणून आम्ही माशांविना जिवाणू वाढवतो. अमोनियम क्लोराइड मोजून घालायचं, अमोनिया लिटरला २ ते ३ मिलिग्रॅमपर्यंत आणायचा आणि पेटीने तपासत राहायचं. आधी अमोनिया उतरतो, मग नायट्राइट चढून उतरतं. घातलेला अमोनिया २४ तासांत संपतो, नायट्राइटही शून्य दिसतं आणि नायट्रेट वाढलेलं असतं, तेव्हाच बोटुकली येते. उबदार पाण्यात याला साधारण चार ते सहा आठवडे लागतात. पाणी १७ अंश सेल्सिअसच्या खाली असेल तर जिवाणू मंदावतात आणि वाट आणखी पाहावी लागते. नळाच्या पाण्यातलं क्लोरीन एक-दोन दिवस पाणी उघडं ठेवून, हवा मारून उडतं, पण क्लोरामाइन (क्लोरीन आणि अमोनियाचं संयुग) असेल तर तसं उडत नाही. त्याला कार्बनचा फिल्टर किंवा वेगळी मात्रा लागते.

हा महिना-दीड महिना आमच्या धंद्याच्या दृष्टीने सगळ्यात महाग. पैसे आलेले असतात आणि दाखवायला असते खडी आणि पाणी. काही जण मागणी रद्द करतात, काही दुसरीकडून मासे आणून सोडतात आणि मग रडव्या आवाजात फोन करतात. अशांना आम्ही पाणी बदलायला, खाद्य थांबवायला आणि पाण्यात थोडं मीठ घालायला सांगतो. मिठातलं क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. आम्ही दर आठवड्याला स्वतः फोन करून आकडे विचारायला लागलो, तेव्हापासून अशी घाई बरीच कमी झाली. माणसाला आकडा खाली येताना दिसला की तो थांबतो. नुसतं ‘धीर धरा’ म्हणून कुणी थांबत नाही.

नंतरचे फोन पानांचे. संच रुळला की जिवाणूंच्या कामानेच पीएच घसरत जातो. आम्ही तो ६.८ ते ७ च्या आसपास ठेवायला सांगतो. झाडांना याहून कमी आवडतो आणि जिवाणूंना जास्त, ही मधली तडजोड. वर आणायला कॅल्शियम हायड्रॉक्साइड आणि पोटॅशियम कार्बोनेट आलटून पालटून, अगदी थोडं थोडं. माशांच्या खाद्यात हे दोन्ही झाडांच्या गरजेपेक्षा कमी असतं, त्यामुळे एका घासात दोन कामं होतात. कोवळी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या दिसल्या तर लोह कमी पडलंय. चिलेटेड लोह (पाण्यात विरघळलेलं राहून झाडांना घेता येईल असं) दर तीन आठवड्यांनी लिटरला २ मिलिग्रॅम. मावा पडला म्हणून कीटकनाशक मारायचं नाही, वनस्पतिजन्यही नाही, कारण ते निथळून माशांकडेच जातं. पाण्याचा फवारा मारून मावा झाडावा.

मासे किती, हा प्रश्न आम्ही उलटा विचारतो : भाजी किती? पालेभाजीच्या एका चौरस मीटरला दिवसाला ४० ते ५० ग्रॅम खाद्य पुरतं. वाढलेला मासा रोज वजनाच्या १ ते २ टक्के खातो, म्हणजे तेवढ्या वाफ्याला तीन-चार किलो मासे. टाकीत जागा आहे म्हणून मासे भरायचे नाहीत. नवख्याने हजार लिटरला १० ते २० किलोच्या पुढे जाऊ नये. कारण पुष्कळ मासे असताना वीज गेली, तर टाकीतला प्राणवायू संपायला काही तासच पुरतात. बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आम्ही ऐच्छिक यादीतून काढून संचातच घातला. किंमत वाढली, काही गिऱ्हाइकं गेली.

या संचातून किती कमाई होईल असं विचारणाऱ्यांना आम्ही सरळ नकार देतो. परसदारी संच घरची भाजी आणि मधूनमधून मासे देतो, विजेचं आणि खाद्याचं बिल घेतो. धंद्याचं गणित मांडायला वेगळं प्रमाण लागतं आणि ते काम आम्ही करत नाही.

अलीकडे जुन्या गिऱ्हाइकांचा एक उपयोग होऊ लागलाय. चालू वाफ्यातली गोणभर खडी नव्या वाफ्यात मिसळली की जिवाणू तयारच मिळतात आणि वाट पाहण्याचे आठवडे कमी होतात. जवळपास कुणाचा रुळलेला संच असेल तर आम्ही त्यांना विचारतो, ते आनंदाने देतात. त्या टाकीतले मासे निरोगी आहेत ना, हे मात्र आधी भाऊ जाऊन बघून येतो, कारण खडीबरोबर रोगही येऊ शकतो. खडी वाटेत ओली ठेवायची आणि पोचल्याबरोबर वाफ्यात टाकायची. मासे तरीही चाचणी झाल्यावरच.